चाकाची किंमत एक धरली तर

निकाल आधीच सांगून टाकते. हिशेब तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि खरा आकडा शेवटच्या पानावर दडवून ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तर, घरी पोटाचा व्यायाम करायचा असेल तर एक बरी चटई घ्या आणि गुडघ्यावर बसून जमिनीवर पुढे ढकलायचं, दोन्ही बाजूंना मुठी आणि आरपार स्टीलचा दांडा असलेलं एक चाक घ्या. वर्षभर तरी तिसऱ्या वस्तूचं नाव काढावं लागणार नाही. मी मात्र नऊ वस्तूंवरून घरंगळत इथवर पोचले, त्याचा हा हिशेब.

मी सेहेचाळीस वर्षांची, दिवसाचे नऊ तास खुर्चीत, दोन बाळंतपणं झालेली. चौदा महिन्यांपूर्वी टेबलाखाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि कंबर धरली ती धरलीच. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरायला सांगितलं, म्हणजे ज्याला प्लँक म्हणतात ते. अकराव्या सेकंदाला माझी कंबर झोळीसारखी खाली आली. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. मग त्यांनी मला पाठीवर झोपवलं, डोकं जरासं उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं रोवून पाहिली. पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधोमध एक पांढरी चिवट पट्टी जोडून ठेवते. गरोदरपणात ती ताणते, आणि पुढे कित्येकींची पुरती आवळत नाही. माझी फट दीड बोट निघाली.

"एवढी चालेल, ताई," त्या म्हणाल्या. "पण कुठल्याही व्यायामात पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसला, की तो व्यायाम अजून आपला नाही असं समजायचं आणि थांबायचं. आणि पोट आत ओढू नका. कुणीतरी गुद्दा मारणार आहे असं समजून घट्ट करा."

त्यांची फी एवढ्यातच वसूल झाली. पुढे कुठलीही वस्तू हातात आली की मी याच दोन गोष्टी बघत गेले.

आता माझी पद्धत. वस्तू किती वेळा वापरली याची मी वहीत रोज खूण करते. वस्तूची किंमत भागिले वापराचे दिवस, म्हणजे ती खरी कितीला पडली. रुपये-पैसे सांगण्यात अर्थ नाही, ते जागोजागी आणि महिन्यामहिन्याला बदलतात. म्हणून माझ्या आत्ताच्या चाकाची किंमत एक धरली आहे आणि बाकी सगळं त्या मापानं. त्याच हिशेबात चटई एक, बॉल दीड, दारात अडकवायचा बार अडीच, पाय अडकवायचा सक्शनवाला दांडा पाऊण. दादाकडून आलेली फ्रेम नवी असताना चार होती आणि मैत्रिणीचा विजेचा पट्टा पाच. सगळ्यांत पहिलं, स्वस्तातलं चाक अर्धा.

वस्तूंकडे वळण्याआधी एक कटू गोष्ट उरकून घेते. यांतल्या कशानंही पोटावरची चरबी जात नाही. व्यायाम करू तिथलीच चरबी वितळते ही समजूत भलतीच चिवट आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात तेरा पुरुषांकडून सत्तावीस दिवसांत प्रत्येकी ५००४ सिट-अप करून घेतले आणि आधी व नंतर पोट, पाठ आणि नितंब अशा तिन्ही ठिकाणच्या चरबीचे नमुने तपासले. चरबीच्या पेशी तिन्हीकडे सारख्याच आकसल्या, पोटाला काही खास सवलत मिळाली नाही. २०११ सालच्या दुसऱ्या अभ्यासात सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे सात-सात व्यायाम झाले. स्नायूंची दमछाक सोसण्याची ताकद वाढली, चरबी होती तिथेच राहिली. माझ्या कमरेची टेपही चौदा महिन्यांत जेमतेम दीड सेंटीमीटरनं सरकली आहे, आणि तेही जिने चढायला लागल्यामुळे असावं. बदललं ते वेगळंच: पेन पडलं तर मी ते आता उचलते.

घाम काढणारा रबरी पट्टा मी घेतलाच नाही. त्यानं जातं ते पाणी, आणि ते पेलाभर पाणी प्यायलं की परत येतं.

विजेचा पट्टा मात्र चार दिवस वापरला, कारण ऑफिसातल्या मैत्रिणीनं "तू एकदा लावून तर बघ" म्हणून पर्समध्येच कोंबला. पोटावर जेलच्या चकत्या चिकटवायच्या, बटण दाबायचं, की स्नायू आपोआप आवळतात आणि सुटतात. आवळतात हे खरं आहे, त्यात फसवणूक नाही. फिजिओथेरपीत विजेचा असा वापर पूर्वीपासून होतो. पण सोफ्यावर बसून पोट घडवण्याची जी जाहिरात असते तिची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००२ सालीच असे पट्टे विकणाऱ्या तिघांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली होती. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानंही वजन किंवा घेर कमी करण्यासाठी असल्या कुठल्याही यंत्राला मान्यता दिलेली नाही, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. छातीत पेसमेकर असणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये. मला स्वतःला चार दिवस पोटावर मुंग्यांची मिरवणूक निघाल्यासारखं वाटलं. चकत्यांचा चिकटपणा संपला की त्या नव्या घ्याव्या लागतात, हे डब्यावर अगदी बारीक अक्षरात होतं. पाचव्या दिवशी पट्टा परत केला. मैत्रिणीनंही तो आता बहिणीला दिल्याचं कळतं.

सक्शनचा दांडा ही माझी स्वतःची चूक. आडवा फोम गुंडाळलेला दांडा, खाली रबरी वाटी. ती फरशीवर दाबून खटका लावायचा आणि दांड्याखाली पाय अडकवून सिट-अप मारायचे. फोटोत फार सुटसुटीत दिसतं. पहिली अडचण फरशीची. वाटीच्या खाली फरशीचा सांधा आला की हवा शिरते आणि दांडा पाचव्या-सहाव्या सिट-अपला फट्‌ आवाज करून निघतो, तुम्ही मागे आडवे. खडबडीत फरशी, लाकूड, गालिचा, कुठेच तो धरत नाही. वाटी ओल्या फडक्यानं पुसून गुळगुळीत फरशीच्या बरोबर मध्यावर लावली तर टिकतो, तेवढं मान्य.

खरी गोम पुढे आहे. पाय मोकळे असताना माझे सहासुद्धा सिट-अप होत नव्हते आणि दांड्याखाली पाय अडकवल्याबरोबर पंचवीस झाले. मी खूश! दुसऱ्या दिवशी दुखल्या मात्र मांड्या आणि कमरेचा खालचा भाग. पोट निवांत होतं. कारण सरळ आहे. कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाऊन मिळणारा एक दणकट स्नायू असतो, आपण पाय उचलतो तो त्याच्या जोरावर. पायाला टेकू मिळाला की तो स्नायू धड वर खेचून घेतो आणि खेचताना कमरेचे मणकेही ओढतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल यांनी आयुष्यभर पाठीच्या कण्यावरच काम केलं. सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यांवर फार दाब येतो म्हणून ते त्याऐवजी जरासंच डोकं-खांदे उचलायला सांगतात, एक पाय दुमडून आणि कमरेच्या पोकळीखाली स्वतःचे तळहात ठेवून. त्याला काहीच विकत घ्यावं लागत नाही. माझा दांडा सतरा दिवस चालला. पाऊण भागिले सतरा. चाकापेक्षा दररोज साडेसात पट महाग.

या दांड्यानं मला एक कसोटी शिकवली, आणि ती मी नंतर दुकानात उभी असताना दर वेळी लावते: ही वस्तू व्यायाम अवघड करते की सोपा? सोपा करत असेल, तर कोणाचं काम कमी करते? पोटाचंच करत असेल तर ती पोटाच्या व्यायामाची वस्तू कशी?

दादाची फ्रेम या कसोटीवर गंमतशीर निघाली. अर्धगोल वाकवलेले दांडे, डोक्यामागे उशी, हात दांड्यावर ठेवून झुलत झुलत वर यायचं. "अगं घेऊन जा, माझ्याकडे नुसती धूळ खातेय," असं म्हणून दादानं ती गाडीत टाकून दिली. वहिनीच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजनं २००१ साली एक पाहणी करवून घेतली होती. सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत पीटर फ्रान्सिस यांनी पोटाच्या तेरा व्यायामांची तुलना केली, स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून ते किती कामाला लागतात हे मोजून. साधा क्रंच, म्हणजे पाठीवर झोपून फक्त डोकं-खांदे उचलणं, शंभर धरला तर पुढच्या उभ्या स्नायूंसाठी ही असली फ्रेम एकशे पाच निघाली, म्हणजे जमिनीवर झोपून करता त्याच्याइतकंच. खुर्चीसारख्या बैठकीत बसून पुढे-मागे डुलायचं जे यंत्र होतं, ते अवघं एकवीस. आणि पहिला नंबर? पाठीवर झोपून हवेत सायकल मारत एका बाजूचं कोपर दुसऱ्या बाजूच्या गुडघ्याकडे नेण्याचा. दोनशे अठ्ठेचाळीस. त्यासाठी लागते ती फक्त जमीन.

फ्रेमच्या बाजूनं एक सांगायला हवं. तिच्या उशीमुळे मान दुखत नाही. क्रंच करताना हातांनी डोकं पुढे ओढायची सवय असलेल्यांना सुरुवातीला तिचा उपयोग आहे. पण डोक्यामागे टॉवेल धरून त्याची दोन टोकं दोन्ही हातांत घेतली आणि डोकं त्या झोळीत सोडलं, तरी हेच साधतं. आणि टॉवेल घडी करून कपाटात जातो. फ्रेमला अख्खी एक भिंत लागते. बारा दिवस.

चटईबद्दल लोक फार विचार करत नाहीत, मीही केला नव्हता. घरात योगासनांची चार मिलिमीटरची पातळ चटई होती. तिच्यावर पाठीवर झोपून सायकल मारली की माकडहाड जमिनीला टोचतं. आठवड्याभरात तिथली कातडी सोलवटली. मग दुसऱ्या टोकाला जाऊन पंधरा मिलिमीटरची मऊ फोमची आणली. झोपायला स्वर्ग. पण कोपरं टेकून प्लँक धरला की कोपरं रुततात, अंग डुगडुगतं आणि फोमवर कायमचे खळगे पडतात. ती लेकानं पळवली. आत्ताची दहा मिलिमीटरची आणि जराशी कडक आहे. अंगठ्यानं दाबून सोडली की खळगा लगेच भरून येतो. दुकानात हे असं दाबून बघता येतं, विकत घेताना एवढं एकच बघा. चाक चालवायचं असेल तर फक्त गुडघे चटईवर ठेवायचे, चाक जमिनीवर. चाकही चटईवर ठेवलंत तर ते रुतून अडखळतं. दोनशे नव्वद दिवस, विकत घेतलेल्यांत सगळ्यांत स्वस्त पडलेली वस्तू हीच. तिच्याबद्दल सांगण्यासारखं मात्र यापलीकडे काही नाही.

आता चाक.

मधोमध चाक, दोन्ही बाजूंना मुठी. गुडघ्यावर बसायचं, मुठी धरायच्या आणि चाक पुढे ढकलत ढकलत अंग लांब करत न्यायचं, मग परत यायचं. बघणाऱ्याला वाटतं हात-खांद्यांचा व्यायाम आहे. प्रत्यक्षात चाक जसजसं लांब जातं तसतशी तरफ लांबते आणि कंबर जमिनीकडे झुकायला बघते. तिला झुकू न देणं हे पोटाचं काम. पोट इथे दुमडत नाही, धरून ठेवतं. माझ्यासारख्या पेन उचलताना मोडणाऱ्या बाईला नेमकं हेच हवं होतं. पण म्हणूनच चाक नवशिक्याला धोक्याचंही आहे: पोट सुटलं की सगळा भार कमरेवर येतो. मी आधी प्लँक चाळीस सेकंद होईपर्यंत चाकाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. त्याला नऊ आठवडे लागले.

पहिलं चाक अर्ध्या किमतीचं. दोन पातळ चाकं, मधे प्लास्टिकची नळी, आणि मुठी तिच्यावर दोन्ही बाजूंनी नुसत्या दाबून बसवलेल्या. वळकटी झालेला फोम मुठीवर गोल गोल फिरायचा, म्हणजे पकड कधी पक्की बसायचीच नाही. चाकाची कड कडक प्लास्टिकची, गुळगुळीत फरशीवर फिरण्याऐवजी मधूनच सरकायची. एकेचाळीस दिवस मी हे चालवून घेतलं. बेचाळिसाव्या दिवशी सगळ्यांत लांब पोचलेली असताना उजवी मूठ नळीतून सुटून हातात आली आणि हनुवटी फरशीवर आपटली. जीभ दातांखाली सापडली. बनवणाऱ्यांचं नाव घेत नाही. वस्तू बदलून द्यायची मुदत तीस दिवसांची होती, हे त्यांनी फार नम्रपणे कळवलं. अर्धा भागिले एकेचाळीस काढून बघा: ते निम्म्या किमतीचं चाक मला दररोज दुप्पट महाग पडलं. जिभेचा हिशेब वेगळाच.

दुसरं घेताना दुकानदाराला वैताग येईपर्यंत तपासलं. दांडा स्टीलचा आणि एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत एकसंध आहे का, हे सर्वांत महत्त्वाचं. मुठी उलटसुलट पिळून बघा, जसं ओलं फडकं पिळतो तसं. किंचितही फिरली तर ठेवून द्या. चाकाच्या कडेला खरं रबर हवं, नखानं दाबलं की दबणारं. रुंदीचा प्रश्न येतोच: एकच अरुंद चाक डावी-उजवीकडे कलंडतं, तो तोल सांभाळायला बाजूचे स्नायू कामाला लागतात, पण नवशिक्याच्या मनगटाचे हाल होतात. मी सात सेंटीमीटर रुंदीचं एकच चाक घेतलं, ते सरळ चालतं. आत स्प्रिंग असलेली चाकंही मिळतात, पुढे जाताना ती आवळते आणि परत येताना मागे ढकलते. परत येणं हाच कठीण भाग, तोच ती सोपा करते. ज्यांना गुडघ्यावरूनही परत येता येत नाही त्यांना दोन-तीन महिने ठीक, नंतर पैसे वाया. शिवाय आत भाग जास्त म्हणजे बिघाडाच्या जागा जास्त. चाकासोबत गुडघ्यांसाठी पातळ गादीचा तुकडा फुकट देतात तो निव्वळ शोभेचा असतो, चटई दुहेरी करून घ्या.

भिंतीची युक्ती मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितली आणि तिच्याशिवाय मी हे चाक कधीच सोडून दिलं असतं. भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसायचं, अशा अंतरावर की चाक थोडंसं पुढे गेलं की भिंतीला अडेल. मी नव्वद सेंटीमीटरवर सुरुवात केली. त्याहून पुढे जाऊन कोसळण्याची भीतीच नाही. दहा वेळा न डगमगता झालं, की गुडघे चार बोटं मागे. फरशीवर पेन्सिलीनं तारखा लिहिलेल्या आहेत. नवरा त्याला "आमच्या घरची पुराची पातळी" म्हणतो. नितंब आवळून ठेवायचे, ओटीपोटाचं हाड किंचित आत वळवायचं, नजर चाकाच्या जरा पुढे, आणि जाताना श्वास कोंडायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो, म्हणून ज्यांचा तो आधीच चढा आहे त्यांनी आणि हर्निया असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाकाला हात लावू नये. मला सुरुवातीला नव्वदच्या पुढे गेलं की पोटावर तो उभा उंचवटा यायचा. तीन आठवडे तिथेच अडकले. मग एके दिवशी आला नाही.

पहिल्या दिवसानंतर काय होतं तेही सांगते. त्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शिंक आली आणि मी ऑफिसात टेबल धरून उभी राहिले. तिसऱ्या दिवशी हसणंही बंद. हे असंच असतं, सवय नसलेल्या स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच शिगेला पोचतं. पहिल्या खेपेला पाचपेक्षा जास्त वेळा जाऊ नका. आणि रोज नकोच. मी आता दर आठवड्याला तीनदा करते.

बॉल हा मोठा, हवा भरायचा, बसायचा. याला सगळे स्विस बॉल म्हणतात. प्रत्यक्षात तो इटलीतला, १९६० च्या दशकात अक्विलिनो कोसानी नावाच्या प्लास्टिकच्या उत्पादकानं काढलेला; स्वित्झर्लंडमधल्या फिजिओथेरपिस्टनी तो रुग्णांसाठी वापरला आणि तिथे तो बघून गेलेल्या अमेरिकनांनी हे नाव पाडलं. मी आधी पासष्ट सेंटीमीटरचा मागवला, कारण तो जास्त भारी दिसत होता. माझी उंची पाच फूट दोन इंच. बसले की टाचा अधांतरी. बदलून पंचावन्नचा घेतला: बसल्यावर गुडघे काटकोनात आले की माप बरोबर. सोबतच्या पायपंपानं हवा भरायला पाऊण तास लागतो, आणि पहिल्या दिवशी पूर्ण भरायचा नसतो. एक दिवस तसाच ठेवून रबर सैलावलं की मग पुरा फुगवायचा. "बर्स्ट रेझिस्टंट" की काय ते लिहिलेलाच घ्या. तसला बॉल टोचला तर फाटकन फुटत नाही, हळूहळू बसतो. त्यावर पाठ टेकून केलेला क्रंच त्या २००१ च्या पाहणीत तिसरा होता, एकशे एकोणचाळीस. जमिनीवर पाठ मागे वळू शकत नाही, बॉलवर वळते, म्हणून स्नायूला जास्त लांबून यावं लागतं. याहून मला आवडलेला प्रकार म्हणजे कोपरं बॉलवर टेकून प्लँक धरायचा आणि मोठ्या पातेल्यातलं काही ढवळल्यासारखे हात गोल फिरवायचे. वीस सेकंदांत जीव मेटाकुटीला येतो. अठ्ठ्याऐंशी दिवस, म्हणजे रोजचा चाकाच्या तिप्पट. तरी मी तो टाकून दिला नसता, पण तो खोलीभर लोळतो आणि घरातलं प्रत्येक माणूस त्याला लाथ मारूनच पुढे जातं.

दारात अडकवायच्या बारची दोन घराणी आहेत. एक चौकटीच्या वरच्या कडेवर मागून अडकतो आणि वजनानंच घट्ट बसतो. त्याला चौकट भिंतीच्या बाहेर थोडी आलेली लागते, भिंतीशी सपाट असेल तर तो बसतच नाही. दुसरा आडवा दांडा, फिरवून फिरवून चौकटीच्या दोन्ही बाजूंना ताणून बसवायचा. आमची चौकट सपाट, म्हणून दुसरा घेतला. चौकटीवर दोन गोल खळगे कायमचे उमटले. लोंबकळून गुडघे छातीकडे आणायचे, हा व्यायाम उत्तमच, पण माझी मूठ पोटाच्या कितीतरी आधी थकते. दहा सेकंदांत बोटं सुटतात आणि पोटाला काही काम पडायच्या आत खेळ खलास. शिवाय दर वेळी वर चढायच्या आधी दांडा घट्ट आहे ना हे पिळून बघावं लागतं, विसरलात तर एखाद्या दिवशी फजिती ठरलेली. खाली जुनी गादी अंथरा. पूर्ण वजन टाकण्याआधी पाय टेकलेले ठेवून अर्धं वजन टाका. शेहेचाळीस दिवस माझे. लेक मात्र अजून रोज लटकतो, तेव्हा हा खर्च मी त्याच्या खात्यावर टाकला आहे.

बारऐवजी मला भलतंच काही सापडलं. स्वयंपाकघरातला ओटा काटकोनात वळतो, त्या आतल्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, दोन्ही तळहात दोन्ही बाजूंच्या ओट्यावर, कोपरं सरळ, अंग उचलायचं आणि गुडघे वर. जिममध्ये पाठ टेकून कोपरांवर लटकायचं जे उंच स्टँड असतं, जे त्या पाहणीत दोनशे बारा गुणांनी दुसरं आलं, त्याचा हा गरीब भाऊ. ओटा भिंतीत पक्का बसवलेला असेल तरच.

नववी वस्तू म्हणजे जुने लोकरी मोजे. गुळगुळीत फरशीवर पायात मोजे घालून हात टेकायचे, आणि पाय घसरवत गुडघे पोटाशी घ्यायचे. याच कामाला दुकानात गोल चकत्या विकतात, एका बाजूला कापड फरशीसाठी, दुसरीकडे प्लास्टिक गालिच्यासाठी. गालिचा असेल तर घ्या, नाहीतर मोजे आहेतच. त्रेसष्ट दिवस. शून्य भागिले त्रेसष्ट. वहीत हा रकाना लिहिताना मला जे समाधान मिळतं ते कुठल्या ताळेबंदानं दिलेलं नाही.

सध्या चालू काय आहे म्हणाल, तर आठवड्याला तीन दिवस: चटईवर सायकल, भिंतीकडे तोंड करून चाक, शेवटी मोजे. वीस मिनिटं. प्लँक एक मिनिट चाळीस सेकंदांवर आहे. भिंतीपासून गुडघे आता एकशे अडतीस सेंटीमीटरवर, आणि तिथे गेले दीड महिना पेन्सिलीची नवी रेघ पडलेली नाही. फ्रेम दाराशी उभी आहे. दादाला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वहिनीनंच उचलला.

दुसऱ्या चाकाची तक्रार एकच. एकशे पस्तिसाव्या दिवशी डाव्या मुठीवरचा फोम चिरला आणि त्याचा भुगा तळहाताला चिकटायला लागला. नुसता फोम सुटा मिळत नाही, अख्खं चाक घ्या म्हणतात. लेकानं सायकलच्या हँडलला गुंडाळतात ती पट्टी आणली आणि दोन्ही मुठींवर घट्ट गुंडाळून दिली. त्यालाही आता अडतीस दिवस झाले. कडा अजून सुटलेल्या नाहीत, आणि पकड मूळच्या फोमपेक्षा चांगली बसते.